कुणाच्या नावावर?

मराठी माणूस घर घेताना काय काय बघतो! स्वयंपाकघराचं तोंड कुठे, संडास ईशान्येला तर नाही ना, पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं, खालच्या मजल्यावर सुके बोंबील कोण भाजतं. व्याजदर पाव टक्क्याने खाली यावा म्हणून चार बँकांच्या पायऱ्या झिजवतो. वास्तुशांतीला गुरुजी कोणते, यावर आठवडाभर खल. मग वीस वर्षं हप्ते. आणि एवढं सगळं केलेल्या या माणसाला विचारा, की बाबा रे, तुझ्यामागे हे घर कुणाचं? उत्तर तीन शब्दांत येतं. "नॉमिनेशन केलंय ना!"

झालं. विषय संपला. चहा टाका.

सोसायटीच्या त्या फॉर्मवर आपल्याकडे जेवढी श्रद्धा आहे तेवढी विठोबावरही नसेल. सेक्रेटरीने तीन प्रतींत भरून घेतलेला, कमिटीच्या सभेत नोंदलेला, फायलीत टोचलेला तो कागद. त्यावर थोरल्याचं नाव म्हणजे घर थोरल्याचं, असं थोरला समजतो. थोरल्याची बायको त्याहून पक्कं समजते. धाकटा काय समजतो ते तो तेराव्यापर्यंत कुणाला कळू देत नाही. कायद्याच्या लेखी नॉमिनी म्हणजे कुरिअर घेणारा शेजारी. तुम्ही घरात नव्हता, त्याने सही करून खोकं ठेवून घेतलं. म्हणून आतला मिक्सर त्याचा होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट विम्याच्या पैशांबाबत १९८३ सालीच सांगून ठेवली होती. पण एकदा सांगून ऐकलं तर ते आपण कसले? शेअरपुरता नॉमिनीच मालक, असं मुंबई उच्च न्यायालयातल्या एका न्यायपीठाने २०१० मध्ये म्हटलं. २०१६ मध्ये खंडपीठाने ते मोडीत काढलं. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीहून शिक्कामोर्तब झालं, की नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. हे प्रकरण कुणाच्या मालमत्तेचं? 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या. मृत्युपत्र होतं, काही गुंतवणुकींवर नॉमिनेशनही होतं, तरी प्रश्न सुटायला त्यांच्या निधनानंतर दहा वर्षं लागली. एकादशीपासून अंगारकीपर्यंत सगळं ज्यांच्या कॅलेंडरात पाहून आपण ठरवतो, त्यांच्या घरची ही कथा. तुमची-माझी काय बिशाद!

सोसायट्यांच्या बाबतीत तर २०१९ च्या कायदादुरुस्तीने नॉमिनीला चक्क 'तात्पुरता सदस्य' करून टाकलं. खरे वारस दाखल होईपर्यंतच त्याचा मुक्काम. मेंटेनन्सचं बिल मात्र त्याच्याच नावाने येतं आणि ते अजिबात तात्पुरतं नसतं. त्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार-चार नॉमिनी लावता येतात. आधी घरात एक जण स्वतःला मालक समजायचा. आता चौघं समजतील, तेही टक्केवारीसकट.

बरं, मृत्युपत्र नसेल तर काय? मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा आहेच. तो सगळ्यांना सारखं वाटतो, इतकं सारखं की कुणाचंच समाधान होत नाही. डोंबिवलीत सव्वाचारशे चौरस फुटांचा वन बीएचके घेऊ. नवऱ्याच्या कमाईचा, नवऱ्याच्या नावावर. नवरा अचानक गेला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि नवऱ्याची आई. बायकोला वाटतं, घर आता आपलं आणि पोरांचं. कायदा म्हणतो, चौघांचा चौथा-चौथा हिस्सा. सासूबाई पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीने. सासरे? ते दुसऱ्या वर्गात. ज्यांनी डाउन पेमेंटसाठी प्रॉव्हिडंट फंड मोडला ते दुसऱ्या वर्गात ताटकळत उभे, आणि पहिल्या वर्गात कुणी एक जण जरी असलं तरी त्यांचा नंबर लागत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांनी सासूबाई जातात. त्यांनीही मृत्युपत्र केलेलं नसतं, कारण "माझ्याकडे आहे काय मेलं?" आहे की! डोंबिवलीचा पाव फ्लॅट आहे. तो आता त्यांचा नवरा, हयात मुलगा, मुलगी आणि गेलेल्या मुलाची पोरं यांच्यात फुटतो. दुसऱ्या वर्गातले सासरे असे अखेर बायकोच्या मार्गाने आत येतात. अंधेरीची नणंद आणि कॅनडातला दीर प्रत्येकी एक षोडशांश डोंबिवलीचे मालक होतात. सव्वाचारशेचा सोळावा भाग म्हणजे साधारण साडेसव्वीस चौरस फूट. संडास-बाथरूम आणि वर बाल्कनीचा कोपरा. एवढ्यासाठी कोण भांडतं, असं विचाराल, तर फ्लॅट विकायला काढून पाहा. खरेदीखतावर सही लागते तेव्हा कॅनडातल्या भाऊजींना अचानक लहानपण आठवतं.

"वहिनी, पैशांचा प्रश्न नाहीये हो. आईची आठवण आहे ती."

आठवणीचा बाजारभाव त्यांनी दोन वेबसाइटींवर आधीच पाहून ठेवलेला असतो.

काही हुशार लोक म्हणतात, "आमचं तसं नाही, दोघांची नावं आहेत." फार छान. दोन नावं आहेत म्हणजे दोघांचे हिस्से आहेत. एक गेला की त्याचा हिस्सा उडी मारून दुसऱ्याच्या मांडीवर बसत नाही; तो वर सांगितलेल्या वाटेनेच जातो, सासूबाईंना भेटून.

बायकांच्या मालमत्तेची वाट तर आणखी वेगळी आणि ती वाचताना दाताखाली खडा येतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि मागे मूल नाही, नवरा नाही, तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्या मागच्या रांगेत. यावर २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. लग्नानंतर तीन महिन्यांत एकीचा नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, जन्मभर कमावलं, १९९६ मध्ये वारली. मृत्युपत्र नव्हतं. तिच्या पैशांवर हक्क कुणाचा? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांचा. ज्या घराने तिला उंबऱ्याबाहेर काढलं त्या घराच्या भाच्यांचा. न्यायालयाने सांगितलं, कायदा असा आहे, भावनेला इथे जागा नाही. बरोबरच आहे, भावनेला जागा देणं संसदेचं काम, आणि संसदेला वेळ नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानेच बायकांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं. कायदा बदलत नाही, तेव्हा बाई गं, तूच बघ.

आणि ती बघत नाही. नवऱ्याचा इन्कमटॅक्स, पोराचा प्रवेश, सासऱ्यांचा मेडिक्लेम, सगळ्यांचे फॉर्म भरणारी बाई स्वतःचा एक कागद करायला वीस वर्षं लावते.

आता ताई. ताईंचा विषय आपल्याकडे भाऊबीज झाली की निघतो. महाराष्ट्र तसा पुढारलेला. १९९४ साली आपण मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. फक्त बारीक अक्षरांत लिहिलं, की २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं तिला नाही. म्हणजे मांडव २३ तारखेला पडला असता तर शेत, २१ तारखेला पडला म्हणून साडीचोळी. केंद्राने २००५ मध्ये ती अट काढली. त्यावर 'बाप तेव्हा जिवंत होता का' असा वाद आपण पंधरा वर्षं चघळला. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की मुलगी जन्मानेच हक्कदार, बाप कधी गेला याच्याशी संबंध नाही.

कायदा सुधारला तसा भाऊही सुधारला. पूर्वी तो ताईला विचारतच नव्हता. आता तो गाडी पाठवतो.

"ताई, जरा तालुक्याला येऊन जा. एक सही आहे. नाव लावायचंय फक्त."

त्या 'फक्त'चं कायदेशीर नाव हक्कसोडपत्र. भावासाठी ते पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर होतं, पण नोंदणी करावीच लागते. नुसतं तोंडाने "मला काही नको" म्हणून हक्क सुटत नाही. म्हणूनच गाडी. नोंदणी झाली की परतीची वाट जवळजवळ बंद, कारण कागद वाचला नव्हता हे सिद्ध करायला पुढची पिढी खर्ची पडते. ताई सही का करते, हे सगळ्यांना माहीत आहे. माहेर तुटू नये म्हणून. मला नेहमी वाटतं, की एकदा तरी एखाद्या ताईने म्हणावं, "दादा, या वर्षी तू हक्क सोड, मी गाडी पाठवते." माहेर किती घट्ट आहे ते लगेच कळेल.

शेतीकडे आलोच आहोत तर सातबारा. गावाकडे कितीतरी सातबाऱ्यांवर पणजोबा अजून पीक घेतात. पणजोबांना जाऊन साठ वर्षं झाली, पण वारसनोंद कुणी केली नाही, कारण ती करायची म्हटली की सगळे वारस लिहावे लागतात, आणि सगळ्यात आत्याही येते. कायद्याने खबर तीन महिन्यांत द्यायची असते. सरकारने अखेर २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मेलेल्यांची नावं उतरवून जिवंतांची चढवण्यासाठी. नाव इतकं झकास, की सरकारातही एखादा सदर लिहिणारा बसला असावा.

दुसरी गंमत 'एकुमॅ'ची. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले तेव्हा धाकटे अजाण होते, म्हणून थोरल्याचं नाव एकट्याचं लागलं आणि शेजारी ही तीन अक्षरं. तीस वर्षांत एखाद्या फेरफारात ती तीन अक्षरं गळाली. कुणी गाळली? पावसाने. आता थोरल्याचे चिरंजीव सातबारा नाचवतात, की बघा, आमच्या बाबांचं एकट्याचं आहे. खरं तर सातबारा असो, घरपट्टीची पावती असो की लाइट बिल, यांतल्या कशानेच मालकी येत नाही. न्यायालयं दर दोन-चार वर्षांनी सांगतात, की महसुली नोंद सारा वसुलीसाठी आहे. पण "लाइट बिल माझ्या नावावर आहे" हे वाक्य आपल्याकडे अजूनही छाती फुगवून म्हटलं जातं. ते बिल भरायची वेळ आली की तीच छाती खाली बसते.

वतनाचं भांडण मिटत नसलं तर मराठेशाहीत रवादिव्य असायचं. उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा काढायचा, हात भाजला तर दावा खोटा. अघोरी होतं, मान्य. पण आठवड्याच्या आत निकाल लागायचा. दिवाणी कोर्टात हात भाजत नाही, केस पांढरे होतात.

शहरातल्यांनी गावाला हसू नये. तुमचा फ्लॅट तुमचा, पण इमारतीखालची जमीन कुणाची? असंख्य सोसायट्यांत अजून बिल्डरची. १९६३ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. ते इतक्यांनी केलं नाही, की शेवटी मानीव अभिहस्तांतरण नावाची सोय काढावी लागली. तोवर तुम्ही मुलाला मृत्युपत्राने जे देता ते म्हणजे जमिनीपासून तिसऱ्या मजल्यावर तरंगणारं काहीतरी. आणि बिल्डर वारला असला तर त्याच्याही मुलांचं आपसात पटत नाही.

तेव्हा मृत्युपत्र करा, असं कुणीही सांगेल. ते करणंही किती सोपं! साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. तुमची सही आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. मन बदललं तर नवं करा, शेवटचं खरं. वारसांवर कर नाही. इस्टेट ड्यूटी म्हणून जो काही कर मेल्यावर बसायचा तो १९८५ मध्येच रद्द झाला. त्याची जागा वकिलांच्या फीने भरून काढायची जबाबदारी आपण स्वखुशीने घेतली आहे.

पण "अभद्र बोलू नये." विम्याच्या एजंटासमोर बसून आपण मेल्यावर किती मिळणार हे तीनदा विचारणारा माणूस मृत्युपत्र म्हटलं की कानावर हात ठेवतो. मग बँकांमध्ये कुणीच न मागितलेल्या ठेवी साठत जातात. मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या निधीत त्या ७८,२१३ कोटी होत्या. अभद्र न बोलण्याची ही किंमत.

जे करतात ते काय लिहितात, तेही बघण्यासारखं. पहिली दोन पानं कुलवृत्तांत. पूर्वज कोकणातून घाटावर कसे आले, आपण कंदिलाखाली कसे शिकलो. तिसऱ्या पानावर सुनेबद्दल दोन टोमणे. आणि मग, जिथे घर कुणाला हे लिहायचं तिथे नेमकं हे वाक्य: "माझ्या पश्चात दोन्ही मुलांनी समजुतीने वाटून घ्यावे व गुण्यागोविंदाने राहावे." या एका वाक्याने महाराष्ट्रातले निम्मे दिवाणी वकील जगतात. समजुतीने म्हणजे किती टक्के? गुण्यागोविंदाने राहायचं ते हॉलमध्ये की बेडरूममध्ये? न्यायाधीश जप्ती आणू शकतो, पण गुण्यागोविंदाने राहण्याचा हुकूम कुणावर बजावणार?

दुसरा प्रकार म्हणजे जे आपलं नाही तेही वाटून टाकणं. वडिलोपार्जित जमीन अख्खी थोरल्याला, जणू बाकीचे भाडेकरू. बायकोच्या निम्म्या नावाचा फ्लॅट तिला न विचारता धाकट्याला. एका सद्गृहस्थांनी तर फ्लॅट थोरल्याला आणि स्टिल्टखालचं पार्किंग धाकट्याला दिलं. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलंय. म्हणजे गृहस्थांनी जे विकत घेतलंच नव्हतं ते दान केलं, आणि धाकटा आजतागायत तिथे आपली मोटारसायकल हक्काने लावून लोकलने फिरतो.

काहींना तर थांबवतच नाही. मेल्यावर कशाला, जिवंतपणीच देऊन टाकू म्हणतात. मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क नाममात्र, मोह होतो. 'नटसम्राट'मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांनी १९७० साली रंगमंचावर सगळं मुलांना देऊन काय झालं, ते बघून तीन पिढ्या थिएटरात रडल्या आणि रविवारी घरी येऊन बक्षीसपत्राचा मसुदा करायला बसल्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सोय आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर प्रांतसाहेबांपुढच्या न्यायाधिकरणात ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पण मग ती अट लिहा ना! छे. "पोटच्या पोराला अट कसली घालायची?" पोटच्या पोराने मात्र दस्तातला शब्दन्‌शब्द वकिलाकडून वाचून घेतलेला असतो.

गोव्यातल्या वाचकांनी हे सगळं वाचून खुशाल हसावं. तिथे पोर्तुगीजांच्या १८६७ च्या संहितेपासून चालत आलेली रीत आहे. निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांची, मुलगी त्यात मुलाइतकीच, आणि मृत्युपत्र करायचं ते उरलेल्या निम्म्यापुरतं. बाप कितीही रागावला तरी पोरीला पूर्ण डावलू शकत नाही. भांडणं तिथेही होतात, पण त्यांना 'इन्व्हेंटरी' असं दुकानदारी नाव असल्याने जरा सभ्य वाटतात.

राहता राहिले साक्षीदार. पुढे वाद झाला तर मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एका तरी साक्षीदाराला कोर्टात उभं करावं लागतं. आणि आपण साक्षीदार आणतो कुठून? सकाळच्या कट्ट्यावरून. एक अठ्ठ्याहत्तरचे, दुसरे एक्क्याऐंशीचे, दोघांत बायपास मिळून दोन. करणारा नव्वदी गाठतो आणि साक्षीदार त्याआधीच वरच्या कोर्टात हजर. म्हणून साक्षीदार तरुण हवा, धडधाकट हवा, परदेशी न जाणारा हवा आणि मृत्युपत्रात त्याला छदाम मिळणार नाही असाही हवा. आमच्या सोसायटीत असा एकच सापडला, तिसऱ्या मजल्यावरचा. अगदी नम्र मुलगा. सही करायला लगेच तयार झाला. पेनचं टोपण काढता काढता म्हणाला, "काका, ते तुमचं पार्किंग सध्या रिकामंच असतं ना?"